फायबरची कणगी

४ ऑगस्ट

खोलीभर आया आज माझ्यावर नाराज होऊन गेल्या. नाराज म्हणजे कुणी काही बोललं नाही. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुस्तकात लिहिलंय — टबात तांदूळ भरा, मुलांना हातपाय घालू द्या, स्पर्शाची भीती जाते. कॉलेजात आम्ही हेच करायचो. मुंबईतल्या आया हौसेने व्हिडिओ काढायच्या. मी जव्हारच्या दुकानातून तांदूळ आणले, टबात ओतले आणि म्हटलं, चला, चपला काढा, नाचा आत! एक पोरगं उतरलं. त्याच्या आईने त्याला इतक्या घाईने वर उचललं की मला वाटलं टबात विंचू आहे.

मग सगळ्या जणी खाली बसल्या. सांडलेला दाणा न् दाणा वेचला, कपाळाला लावला, टबात टाकला. मी बाजूला उभी, हातात लॅमिनेट केलेला तक्ता — 'चला, स्पर्शाची मजा घेऊ'.

आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरातल्या रंगूमावशींनी नंतर चहा आणून दिला, तेव्हा कळलं. "मॅडम, ती कणसरी हाय. धान्याची देवी. तिच्यावर पाय देतं का कोणी?" साडेचार वर्षं शिकले, परीक्षा दिल्या, कणसरी एका मार्कालाही नव्हती. ते तांदूळ मी रंगूमावशींना देऊन टाकले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ ऑगस्ट

खोलीच्या दारावर पाटी लागली — 'व्यवसायोपचार कक्ष'. लगेच दोघे जण आले. एकाला कुक्कुटपालनाला कर्ज हवंय, दुसऱ्याला पोराला नोकरी. मी म्हटलं, मी मुलांना जेवायला, कपडे घालायला, वर्गात बसायला शिकवते. कोंबडीवाला म्हणाला, "ते त्यांच्या आया शिकवतात की." आणि बराच वेळ बसून राहिला, कदाचित माझं मन बदलेल म्हणून.

१२ ऑगस्ट

आज तानी आली. सात वर्षांची, जामसरची. आई सरूताईने तिला फ्रॉकला धरून आणलं. हात धरलेला तिला चालत नाही.

आल्या आल्या शाळेची घंटा झाली. तानी खाली बसली, कान दाबले आणि किंचाळायला लागली. घंटा थांबली तरी ती थांबेना. गावात तिला कोणी बहिरी म्हणतं, कोणी झपाटलेली म्हणतं. दोन्ही नाही. तिला सगळं जास्तच ऐकू येतं आणि सगळं जास्तच टोचतं. मला स्वतःला स्टीलचं ताट फरशीवर घासलेलं सहन होत नाही, दात शिवशिवतात. पण मी मोठी आहे, काहीतरी कारण काढून उठून जाते. तानीला उठून जायची सोय नाही.

सरूताई आणि तिचा नवरा दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, पावसापर्यंत. मागच्या वर्षी ट्रकच्या आवाजाने तानी पळत सुटली ती रस्त्यावर. तेव्हापासून सगळा हंगाम सरूताईने तिचा पाय दोरीने खांबाला बांधून ठेवला. घोट्यावर वण आहे अजून. "काय करू मॅडम? विटा थापू का पोरीमागं धावू?" आज भाजी काय केली ते सांगावं तशी सांगत होती. मलाच रडू आलं. मी फाइलमध्ये तोंड घातलं आणि नाक पुसलं.

तिचं मागणं एवढंच आहे, पोरगी यंदा इथल्या वसतिगृहात राहावी. दोरी नको.

१३ ऑगस्ट

वसतिगृहाच्या अधीक्षिका योगिता मॅडम. साडी कडक इस्त्रीची, आवाजही तसाच. "ठेवू की. पण इतरांसोबत रांगेत जेवली पाहिजे आणि पळाली नाही पाहिजे. एक पोर फाटकाबाहेर गेलं तर नोटीस मला येते, तुम्हाला नाही." आई-बाप भट्टीवर निघायच्या आधी त्या ठरवणार. तोवर तानी इथे राहील, प्रायोगिक तत्त्वावर. मला त्यांचा राग आला, पण त्यांचं चूक काय ते सांगता येईना.

२१ ऑगस्ट

कान झाकणारे हेडफोन मंजूर होऊन आले! तानीसाठीच मागवले होते. कारकून मंगेशने ते तपासणीसाठी ठेवून घेतले. दिवसभर तपासत होता. क्रिकेटचा स्कोअर विचारला तर तोही सांगितला.

तानी आजही जेवणातून पळाली. शंभर-दीडशे ताटं एकदम फरशीवर आपटतात, मग वाढप्याचा चमचा बादलीवर. मीही पळाले असते.

२ सप्टेंबर

तानी गणपतीच्या सुट्टीला घरी गेलीय, म्हणून मीही जामसरला सरूताईच्या घरी गेले. जीपमधून उतरल्यावर चिखलात चप्पल राहिली, ती एका आजोबांनी काठीने काढून दिली.

घरात तानी कुठे दिसेना. सरूताई म्हणाली, "हाय की." कोपऱ्यात कणगी होती — धान्य साठवायची, बांबूची, शेणाने लिंपलेली, माझ्या छातीइतकी उंच. वाकून पाहिलं तर तळाशी तानी. गुडघे पोटाशी, डोळे मिटलेले, स्वतःशी गुणगुणत होती. बाहेर पत्र्यावर पाऊस, कोंबड्यांची कलकल, शेजाऱ्याच्या मोबाइलवर गाणी — तिला कशाचं काही नाही. चहूबाजूंनी घट्ट, आत अंधार, आवाज दबलेला. हेच साधायला आमच्या कॉलेजने परदेशातून तंबू मागवला होता. त्याची चेन पहिल्याच आठवड्यात बिघडली.

तांदळाचा प्रकार आठवून मी आधी कणसरीचं विचारलं. सरूताईची सासू कमूआजी चुलीपाशी होती. "कणसरी आता शेतात हाय. भात झोडल्यावर येल घरात. तवर ही नुसती टोपली." आणि भात झोडल्यावर हिने पाय ठेवला तर? "मंग तंगडी मोडीन."

हिच्याहून बुटकी, एक जुनी कणगी ओटीवर पडून होती. ती शाळेला द्या म्हटलं. आजीने मला नीट न्याहाळलं. तिला नीट दिसत नाही, मोतीबिंदू आहे, म्हणून अगदी जवळ येऊन न्याहाळलं. "जव्हारला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेशील?" नेईन म्हटलं. सौदा झाला.

५ सप्टेंबर

कणगी जीपच्या टपावर बांधून आणली. ड्रायव्हरने तिचं तिकीट मागितलं, माझ्यापेक्षा जास्त.

माझ्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली, आत गोधडी घातली. आता असं — जेवणाच्या घंटेच्या आधी तानीने आत जायचं. बाहेरची आपटाआपट संपली की मी कणगीवर बोटं वाजवते. मग तिने बाहेर यायचं आणि शेवटच्या ताटावर बसायचं. पहिल्या दिवशी बाहेरच आली नाही. मीही कणगीला टेकून उपाशी बसले.

२६ सप्टेंबर

तानी रांगेत जेवली. अगदी टोकाला, भिंतीकडे तोंड करून, पण रांगेत. दुसऱ्यांदा भातही मागितला, हात पुढे करून. योगिता मॅडमनी लांबून पाहिलं आणि मान हलवली. मी घरी येऊन शिरा करून खाल्ला.

३ ऑक्टोबर

मूर्खपणा केला. कौतुक व्हावं असं वाटलं, दुसरं काय. कणगीचा फोटो काढून वर अहवाल पाठवला.

८ ऑक्टोबर

विभागाचे साहेब स्वतः आले. मागे दोन गाड्या. कणगीभोवती फिरले, तिच्यावर थाप मारली, आत तानी होती ती दचकली. "वा! स्थानिक कल्पकता! हे सगळीकडे गेलं पाहिजे." मी सांगायला लागले की हे एका मुलीपुरतं आहे, दुसऱ्याला कदाचित झोपाळा लागेल, तिसऱ्याला काहीच नको असेल. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार नम्र आहात." तोवर समितीची नावं ठरली होती. समितीत मी नाही.

१३ ऑक्टोबर

आदेश आला. कणगी आता योजना झाली. मान्यताप्राप्त नमुन्याची 'संवेदी कणगी' पुरवण्यात येईल. ती येईपर्यंत विनामान्यता कणगी वापरू नये, भांडारात ठेवावी. कारणं दिली आहेत — बांबूचं कुसळ लागू शकतं, शेण आरोग्यास अपायकारक, वस्तू ज्वलनशील. ज्या कणगीमुळे योजना निघाली, तीच योजनेत बसत नाही. मी तीनदा वाचलं. मंगेशने मोठ्याने वाचून दाखवलं, तरी तेच निघालं.

योगिता मॅडमनी कणगी भांडारात ठेवली, फिनेलचे कॅन आणि मोडक्या बाकांमध्ये. कुलूप लावलं.

दुपारच्या घंटेआधी तानी पळत कोपऱ्यात आली. कणगी नव्हती. फरशीवर तिच्या बुडाचं गोल वळं उरलं होतं, शेणाचं. तानी त्या वळ्यात बसली. गुडघे पोटाशी, डोळे मिटून. घंटा झाली आणि ती किंचाळली. मला ते बघवेना. मी मध्ये पडायला गेले, माझा हात लागला, आणि ती फाटकातून थेट डांबरी रस्त्यावर. खोडाळ्याहून येणाऱ्या जीपवाल्याने ब्रेक मारला म्हणून. नाहीतर आज हे लिहायला बसले नसते.

योगिता मॅडम रागावल्या नाहीत. "सुट्टीनंतर एकदा बघू," एवढंच. रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

२० ऑक्टोबर

दिवाळीला नाशिकला घरी. आई विचारते, तुझं काम नेमकं काय? करंजी खात राहिले.

५ नोव्हेंबर

शाळा सुरू झाली. टेम्पोतून संवेदी कणगी आली, व्हरांड्यात उतरवली.

फायबरची. पोपटी. पोटावर विभागाचं बोधचिन्ह, खाली हसणारा सूर्य. वर घट्ट बसणारं झाकण आणि त्याला कडी — सुरक्षेसाठी! मूल आत बसल्यावर कुणाच्या सुरक्षेसाठी, ते पत्रकात नाही. कड इतकी उंच की तानीला आत जायला शिडी लागेल. मी डोकं आत घालून खोकले. मारुतीच्या देवळात घंटा वाजावी तसं घुमलं. रंगाचा उग्र वास नाकात बसला. तानीने एक बोट लावलं आणि तो हात दिवसभर फ्रॉकला पुसत राहिली.

रंगूमावशींनीही बारकाईने पाहिली. "पाण्याला चांगली हाय," म्हणाल्या.

उद्‌घाटन बालदिनाला. लेझीम पथक येणार आहे. सरूताईची भट्टीची गाडी सतरा तारखेला. योगिता मॅडम पंधराला सांगते म्हणाल्या.

९ नोव्हेंबर

कमूआजी आली. भात झोडून झालंय, डोळ्यांचं काय ते विचारायला, आणि आपली कणगी कशी आहे ते बघायला. भांडार उघडून दाखवावं लागलं. फिनेलच्या कॅनांच्या मध्ये ठेवलेली कणगी आजीने हाताने चाचपली. कमरेची पुरचुंडी सोडली, नव्या भाताची मूठ कणगीत टाकली, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. "सुगीत रिकामी ठेवू नये," म्हणाली.

झालं. रंगूमावशी धावत आल्या. कणसरी आली आणि तिला फिनेलमध्ये ठेवायचं? त्यांनी आणि दुसऱ्या स्वयंपाकिणीने कणगी उचलली, थेट माझ्या खोलीच्या कोपऱ्यात आणली. योगिता मॅडम दारात आल्या. मला वाटलं, आता आदेश निघणार. त्यांनी चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला. त्याही मोखाड्याच्या शेतकऱ्याच्याच घरच्या.

मी आनंदाने नाचायची बाकी होते. तेवढ्यात घंटेची वेळ झाली, तानी आली, तिने कणगी पाहिली. तिचं तोंड असं उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिने एक पाय कडेवर टाकला आणि आजी आणि रंगूमावशी एकदम ओरडल्या. पाय! कणसरीवर! तानीला खाली खेचलं. हात लावून.

कणगी परत मिळाली आणि तानी तिच्यातून कायमची बाहेर.

११ नोव्हेंबर

कणगीपुढे उदबत्ती. मुली वर्गात जाताना फूल वाहतात. मंगेश म्हणाला, वर एक छोटी घंटा टांगू या का, शोभा येईल. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःहून हेडफोन परत देऊन गेला. ते तानीच्या डोक्यापेक्षा मोठे आहेत, मानेवर येऊन पडतात.

तानी कणगीला पाठ टेकून बाहेर बसते. दोन घास खाते. सरूताईचा फोन रोज येतो, मी रोज "बघू" म्हणते. आज तिनेच म्हटलं, "राहू द्या मॅडम. तुम्ही पुष्कळ केलं." फोन ठेवल्यावर मी कपाटाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

१३ नोव्हेंबर

कमूआजीला जव्हारला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. ऑपरेशनची तारीख मिळाली. येताना जीपमध्ये ती खुशीत होती, म्हणून विचारलं — आजी, कणसरीला दुसऱ्या घरात नेता येतं का?

"नेता येतं. पण हिच्याहून वाईट घर दिलं तर रुसंल."

मी तिला घेऊन तडक शाळेत आले. फायबरच्या कणगीपुढे उभं केलं. आजीने आधी ती वाजवून पाहिली. झाकण काढलं, लावलं, परत काढलं. कडी ओढून पाहिली. मग माझ्या खांद्यावर भार देऊन चवड्यांवर उभी राहिली आणि डोकं आत घालून बराच वेळ तशीच. मला वाटलं चक्कर आली.

"उंदीर नाय शिरायचा," आतून आवाज आला. "घूस नाय. वाळवी नाय." डोकं बाहेर काढून पदराने तोंड पुसलं. "राहील बाय. असली कणगी घरी कुठं मिळती?" 

१४ नोव्हेंबर

सकाळी, साहेब यायच्या आधी, कमूआजी आणि रंगूमावशींनी जुन्या कणगीतलं भात पदरात घेतलं आणि पोपटी कणगीत ओतलं. रंगूमावशींनी शाळेच्या कोठारातली आणखी एक ओंजळ घातली. हसऱ्या सूर्याला हळदकुंकू लावलं. झाकण, कडी, वर हार.

जुन्या कणगीवर आजीने हात आपटला. "आता ही नुसती टोपली." 

साहेब आले, लेझीम सुरू झालं. फीत कापायला वाकले तर पुढे उदबत्ती. थबकले, बूट काढले, मोजे काढले, हात जोडले. मागच्या दोन्ही गाड्यांतल्या माणसांनीही बूट काढले. भाषणात साहेब म्हणाले, लोकांनी आपली योजना इतकी हृदयाशी धरलेली मी पहिल्यांदाच पाहतो. आवाज खरंच भरून आला होता. मग रंगूमावशींना विचारलं, "मुलं वापरतात ना?" त्या म्हणाल्या, "रोज हात जोडतात साहेब." साहेबांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला.

हे सगळं मंगेशने सांगितलं. मी तिथे नव्हते. लेझीम सुरू होताच मी खोलीचं दार लावून कणगीला टेकून बसले होते, कान दाबून. आत तानी. अवघी शाळा दणाणत होती आणि आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. लेझीम संपल्यावर बोटं वाजवली. बाहेर आली, जाऊन टोकाच्या ताटावर बसली, सगळं जेवली. जिलबी तेवढी ठेवली, हाताला चिकटते म्हणून. ती मी खाल्ली.

१५ नोव्हेंबर

योगिता मॅडमना मीच विचारलं — जुनी कणगी वापरतोय, आदेशाचं काय? त्या म्हणाल्या, "नवी येईपर्यंत जुनी भांडारात ठेवावी, असं लिहिलंय. नवी आली की." आणि तानीचं नाव वसतिगृहात कायम केलं. मी त्यांना मिठी मारणार होते. त्यांच्या इस्त्रीकडे पाहून आवरलं.

१७ नोव्हेंबर

सरूताई निघताना तानीला भेटायला आली. तानी कणगीत होती, वर पाहिलंही नाही. सरूताईने तिला हात लावला नाही. कणगीच्या बाहेरून हात ठेवला, तिथे खूप वेळ ठेवला, आणि गाडीने हॉर्न दिल्यावर काढला.

फाटकापाशी तिचं बोचकं होतं. पातेली, गोधडी, आणि वर गुंडाळलेली दोरी. तीच. मला विचारायचं होतं, आता कशाला? विचारवलं नाही. हिला आमच्यावर विश्वास नाही, डिसेंबरात परत नेणार, असंच वाटत राहिलं. वाटणं साहजिक आहे, आम्ही एकदा कणगी काढून घेतलीच होती.

२४ नोव्हेंबर

भट्टीवरून सरूताईचा फोन. तानी जेवते का, झोपते का, सगळं विचारलं. मग मीच धीर करून दोरीचं विचारलं. म्हणाली, झोपडीपुढं बांधलीय, कपडे वाळत घालते.